कच्चं मडकं आणि स्वस्तातली गिटार

गेल्या दोन महिन्यांत नात्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "आठ-दहा हजारात मिळणारी इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का, की पैसे पाण्यात जातील?" मी काही गिटारवादक नाही. पण तारा बदलणं, घोडी घासणं, सोल्डरिंग करणं असले उद्योग घरात मीच करतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकावं. लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. आणि आमच्या ढोकीपासून तर मुळीच लांबचा नाही.

ढोकी म्हटलं की लोकांना तेरणेचा साखर कारखाना आठवतो, फार तर रेल्वे स्टेशन. त्या स्टेशनाचीच गोष्ट घ्या. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली कुर्डूवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, १९११ पर्यंत लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये दुसरं टोक मिरजेला जाऊन टेकलं. म्हणजे ढोकीच्या फलाटावर बसलेला माणूस कुर्डूवाडी, पंढरपूर करत थेट अशा गावात उतरू शकत होता, जिथे वाद्याची पारख हाच पिढ्यान् पिढ्यांचा धंदा आहे. (पुढे रुंदीकरण झालं. लातूर-कुर्डूवाडी मार्ग २००८ पर्यंत मोठा झाला, मिरजेकडचा त्यानंतर.)

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी, शस्त्रं यांना धार लावणारे, दुरुस्त करणारे. लढाया संपल्या, शस्त्रांचं काम आटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत आणि मग घडणीत हात घातला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. आज तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ साली मिळालं. मला या इतिहासातली एक गोष्ट फार आवडते. पोलादाची पारख असलेला हात लाकडाकडे आणि तारेकडे वळला, आणि वाद्याचा गाव झाला. कारागिरी धंद्याला चिकटलेली नसते, हाताला चिकटलेली असते.

आता तंबोऱ्याचा भोपळा कसा पारखतात? बोटाने टिचकी मारून. आवाजावरून जाडी कळते, सुकलाय की नाही ते कळतं. आणि टिचकी मारून पारखायचं म्हटलं की आमच्या भागातला कुठलाही माणूस तेरला जाऊन पोचतो. तेर ढोकीच्या शेजारचं. पेरिप्लसमध्ये ज्याचा तगर म्हणून उल्लेख आहे, ते प्राचीन व्यापारी गाव, आणि गोरोबाकाकांचं गाव. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संतमेळा गोरोबांच्या घरी जमलेला. मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग आमचीही परीक्षा करा की! गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं.

आपण ही गोष्ट इथेच संपवतो. पण ती इथे संपत नाही. नामदेव औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. म्हणजे कच्चं हा काही कायमचा शिक्का नाही. कच्चं मडकं भाजता येतं. भाजता येत नाही ते फुटकं. स्वस्त वाद्य घेताना हा एवढा एक फरक कळला तरी निम्मं काम झालं. पण त्याआधी थोडा इतिहास.

आमच्याकडे लग्नात आणि गणपतीत जी इलेक्ट्रिक गिटार वाजते, तिला आम्ही बेंजो म्हणतो. खऱ्या अमेरिकन बेंजोशी तिचा काही संबंध नाही. ती बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमध्ये नागोयाच्या मोरिता गोरो या माणसाने टाईपरायटरसारखी बटणं लावून एक तंतुवाद्य बनवलं. त्याच वर्षी तायशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव पडलं तायशोगोतो. घरोघरी परवडावं, शिकायला सोपं असावं असं हे वाद्य. बटण दाबलं की तार पडद्यावर टेकते, दुसऱ्या हाताने नखीने छेडायचं. ते भारतात आलं, बुलबुलतरंग झालं, आणि महाराष्ट्रात कुणीतरी त्याच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. झालं! हातगाडीवर कर्णे, मागे जनरेटर, आणि पुढे बेंजो पार्टी. २००५ ते २००८ च्या आसपास आमच्याकडे दहा-दहा, बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं, तेव्हाही हा जनरेटर धडधडत असायचा. २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, त्यात रितेश देशमुख होता, तेव्हा कुठे शहरी लोकांना या वाद्याची ओळख झाली.

शास्त्रीय गाणारी मंडळी बेंजोला वाद्यच मानत नाहीत. मींड नीट निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, सगळं खरं. पण महिनोन् महिने गुरूपुढे बसायची सवड आणि ऐपत नसलेल्या किती पोरांच्या हातात त्याने सूर दिला, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

आणि गंमत बघा, खुद्द इलेक्ट्रिक गिटारची जन्मकथासुद्धा अशीच आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिकनबॅकरवाल्यांनी जी पहिली इलेक्ट्रिक गिटार विकली ती अॅल्युमिनियमची, मांडीवर ठेवून वाजवायची, दिसायला तव्यासारखी. लोक तिला तवाच म्हणत! १९५० मध्ये लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने दांडी चिकटवण्याऐवजी सरळ चार स्क्रूंनी बसवली, म्हणजे कारखान्यात पटापट तयार होईल आणि बिघडली तर बदलता येईल. आज जिला लोक देव्हाऱ्यात ठेवतात, त्या टेलिकास्टरचं मूळ हे असं काटकसरीत आहे.

त्याहून स्वस्त हवी होती त्यांच्यासाठी डॅनइलेक्ट्रो होती. आतला सांगाडा साध्या लाकडाचा, वरखाली मेसोनाइट, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबलेली पाटी. पिकअप लिपस्टिकच्या नळकांड्यांत बसवलेले. सिअर्सच्या कॅटलॉगमधून त्या विकल्या जात, आणि १९६२ मध्ये तर पेटीतच अँप्लिफायर बसवलेलं मॉडेल निघालं. जिमी हेंड्रिक्सच्या सुरुवातीच्या गिटारींत यातली एक होती. जिमी पेजने नाव झाल्यावरही स्टेजवर डॅनइलेक्ट्रो वाजवली. आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवणारा फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, तेव्हा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या ब्रायन मेच्या हातातली गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली होती. दांडीचं लाकूड शेकोटीवरच्या जुन्या फळीचं, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आणि एका दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा! १९६०च्या दशकातली ती गिटार त्याने जन्मभर वाजवली.

मग जपान आला. साठीत स्वस्त नकला, सत्तरीत इतक्या चांगल्या नकला की मूळ कंपन्यांची झोप उडाली. शेवटी १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच जपानमध्ये स्क्वायर नावाने स्वस्त गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. त्या पहिल्या स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. पुढे कोरिया, इंडोनेशिया, चीन. संगणकावर चालणारी कापणीची यंत्रं आली आणि दांडीचा आकार, पडद्यांच्या जागा यांतला फरक फार कमी झाला. जी अचूकता पूर्वी महागड्या हातात होती, ती स्वस्त यंत्रात आली.

आपल्याकडे मात्र बराच काळ निवडच नव्हती. आयातीवर बंधनं. परदेशी गिटार म्हणजे कुणाच्या तरी बॅगेतून आलेली. बाकीच्यांना कोलकात्याच्या गिव्हसन, हॉबनर. नावं वाचून कुणाला गिब्सन आणि हॉफनर आठवले तर नवल नाही :-) आज त्यांना हसतात, पण भारतातल्या कितीतरी जणांनी पहिला सूर त्यांच्यावरच दाबला. आयातीच्या यादीतले शेवटचे ७१५ निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले आणि त्यानंतर बाजार हळूहळू भरत गेला. आता तर ऑनलाइन मागवली की ढोकीतही दारात येते.

तर पारख कशी करायची?

पहिली गोष्ट, थापटणं घरी ठेवा. तंबोऱ्यात लाकूड आणि भोपळा बोलतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअपला ऐकू येते ती मुख्यतः पोलादी तार. लाकडाचं नाव, झाडाची जात, वरची चकाकी यांना विक्रेता देतो तेवढी किंमत देऊ नका. सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून दांडी टोकाकडून बघा. किंचित बाक असतो, तो आतल्या लोखंडी सळईने कमी-जास्त करता येतो. पण दांडीला पीळ असेल तर ती फुटकी. ठेवून द्या.

मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून वाजवा आणि मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. येत नसतील तर घोडीचे खोबणीतले तुकडे मागेपुढे सरकवतात. पार टोकाला सरकवूनही जुळत नसेल, तर घोडीच चुकीच्या जागी बसवलेली आहे. हेही फुटकं.

बाकी बहुतेक गोष्टी कच्च्या सदरातल्या. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवलं की टोचतात? आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात लाकूड आक्रसतं आणि धातूच्या कडा बाहेर येतात. बारीक कानशीने अर्ध्या तासात काम होतं. तारा पडद्यांपासून फार उंच? वरच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा खोल करायच्या, घोडी खाली घ्यायची. बटण फिरवताना खरखर? साफ करायचं, नाहीतर शंभर-दोनशे रुपयांत नवीन. खुंट्या ढिल्या? बदलता येतात. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून बघा, कंटाळा करू नका.

या सगळ्याला गिटारवाले सेटअप म्हणतात. मी मात्र जवारी म्हणतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी कानशीने घासून घासून जवारी काढतो, आणि तोच तंबोरा वेगळा होऊन बोलायला लागतो. फरक एवढाच, की तिथे तारेची गुणगुण हवी असते आणि गिटारमध्ये तीच दोष ठरते. काम तेच. म्हणून बजेट दहा हजार असेल तर साडेआठची गिटार घ्या आणि उरलेले पैसे जाणत्या हाताकडून तिची जवारी काढून घेण्यासाठी ठेवा. माझ्या मते नऊ जणांच्या बाबतीत हा सौदा पंधरा हजारांच्या न लावलेल्या गिटारपेक्षा चांगला ठरतो.

हे एवढं तपशिलात सांगण्यामागे एक कारण आहे. वाईट वाद्य पैसे खातं हे तितकं महत्त्वाचं नाही. ते पोराला खोटं सांगतं. तारा उंच असतात, बोटं सोलतात, सूर जुळत नाही. ज्याने आयुष्यात दुसरी गिटार हातात घेतलेली नाही, त्याला कसं कळणार की दोष वाद्याचा आहे? त्याला वाटतं, आपलाच कान वाईट, आपल्याच बोटांत जोर नाही. दोन महिन्यांनी गिटार माळ्यावर जाते आणि घरचे म्हणतात, "याचं हे असंच, चार दिवसांचं खूळ." म्हणजे भाजायचं राहिलं वाद्य, आणि कच्चं मडकं ठरलं पोर. शहरात शेजारी कुणीतरी असतं, क्लास असतो, दुकानदार असतो, जो म्हणतो, अरे, आण इकडे. ढोकीसारख्या गावात कुरियरच्या खोक्यातून आलेल्या गिटारला आणि ती उघडणाऱ्या पोराला असं म्हणणारं कुणी नसतं.

म्हणून तिघांनाही उत्तर एकच. घ्या. स्वस्त आहे म्हणून लाजू नका, आणि स्वस्त आहे म्हणून तशीच वाजवत बसू नका. पीळ आणि घोडी तेवढी बघून घ्या. आणि पोर चार दिवसांत कंटाळलं, तर त्याच्यावर निकाल देण्याआधी एकदा बाराव्या पडद्यावर बोट ठेवून बघा.