नेढं टोकाशी आलं तेव्हा

संगमेश्वरला आमच्या आत्याच्या पडवीत एक हातमशीन होतं. श्रावण लागला की त्याचं लाकडी झाकण निघायचं, ते गणपती येईपर्यंत पुन्हा बसायचं नाही. मुंबईहून एसटीने कुणी ना कुणी येताना थोरल्या मुलांचे आखूड झालेले कपडे गाठोड्यात बांधून आणायचं. आत्या ते उसवायची, उलटे करायची आणि त्यातून धाकट्यांचे कपडे बेतायची. शेजारच्या बायका यायच्या. "वहिनी, एवढी एक टीप मारून देता?" एवढ्या एका टिपेत दुपार जायची. पैसे द्यावेत हे कुणाच्या मनात येत नसे, आणि मागावेत हे तिच्याही नाही. फार तर कधी फणस यायचा, कधी वाटीभर आमसुलं.

लहानपणी आम्हाला एक कोडं पडलं होतं. हातशिलाईच्या सुईचं नेढं बोथट टोकाला असतं, मग मशीनच्या सुईचं अणकुचीदार टोकाला का? आत्याला विचारलं. ती म्हणाली, "वरचा दोरा खाली जातो आणि खालच्याला भेटतो. बघ की." आणि तिनं शटलवरची पट्टी सरकवून चाक अगदी हळू फिरवलं. पुढे विज्ञानात डॉक्टरेट झाल्यावर शिवणयंत्राचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की तिचं उत्तर नेमकं होतं. शोधकांना ते सापडायला बराच काळ लागला होता.

दोन नेढी, दोन टाके

हाताने शिवताना अख्खी सुई कापडातून आरपार जाते आणि मागून सगळा दोरा ओढून नेते. मग सुई पलीकडून पकडायची, वळवायची, पुन्हा घालायची. हे सगळं बोटं करतात. यंत्राला ही नक्कल करायला लावणं फार अवघड. शिवाय सुईत ओवलेला दोरा संपला की काम थांबलंच.

नेढं टोकाशी आणलं की सुईला आरपार जावं लागत नाही. ती फक्त टोक खुपसते आणि परत वर येते. वर येताना कापडाशी होणाऱ्या घर्षणामुळे दोरा तिच्याबरोबर लगेच वर सरकत नाही, तो सुईच्या एका बाजूला थोडासा फुगतो आणि त्याचा छोटा फासा तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खालचं शटल आपला दोरा घेऊन फाशातून निघून जातं. मग वरची दांडी दोरा खेचते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. टीप नीट बसली असेल तर वरून फक्त वरचा दोरा दिसतो, खालून फक्त खालचा.

याआधीची यंत्रं बहुधा एकाच दोऱ्याने साखळी टाका घालत. हा टाका तुम्ही पाहिलेला आहे. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाची शिवण बरोबर टोक धरून ओढली की सरसर उसवते, तोच तो. पोत्याला हे सोयीचं आहे, शर्टाच्या काखेला नाही. दोन दोऱ्यांचा टाका एके ठिकाणी तुटला तरी पुढची शिवण टिकते. पण मुद्दाम उसवायचा झाला तर उसवतोही. आत्या ब्लेडने एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापायची आणि कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायची. तो अखंड निघून यायचा. कपडा लहानमोठा करण्याची सगळी कला या टिकण्या-उसवण्यावर उभी आहे.

शोध कुणाचा?

फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने 1830 मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पॅरिसमध्ये अशी सुमारे 80 यंत्रं सैनिकांचे गणवेश शिवू लागली. 1831 मध्ये पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनी ती फोडून टाकली. तिमोनिए 1857 मध्ये गरिबीतच वारला.

अमेरिकेत वॉल्टर हंट याने 1830 च्या दशकात टोकाशी नेढं असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका जमवला, पण पेटंट घेतलं नाही. यामुळे हाताने शिवणाऱ्या बायकांचं काम जाईल, असं त्याच्या मुलीने म्हटलं आणि त्याने ते सोडून दिलं, असं सांगतात. हीच कल्पना एलियास हाऊने स्वतंत्रपणे गाठली. 1845 मध्ये बोस्टनला त्याच्या यंत्राने मिनिटाला सुमारे 250 टाके घालत पाच शिवणकरणींना मागे टाकलं, आणि 1846 मध्ये त्याला पेटंट मिळालं. स्वप्नात भोकं असलेले भाले दिसले म्हणून हाऊला ही सुई सुचली, अशी गोष्ट मुलांना सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही, आणि हंटचं काम त्याच्या आधीचं आहे.

1851 मध्ये आयझॅक सिंगर मैदानात उतरला. त्याचं यंत्र कामाला सोपं होतं, पण सुई आणि टाका हाऊच्या पेटंटातला. खटला झाला आणि सिंगरला हाऊला पैसे द्यावे लागले. 1856 मध्ये भांडणाऱ्या कंपन्यांनी आपली पेटंटं एकत्र केली. त्याच वर्षी सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्याने यंत्र विकायला सुरुवात केली. यंत्र घराघरात शिरलं त्यात सुईइतकाच या हप्त्यांचाही वाटा आहे.

आपल्याकडे

सिंगर कंपनी 1870 च्या दशकात हिंदुस्थानात आली. नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी तिचा इथला कारभार अनेक वर्षं पाहिला. पण इथे एक अडचण होती. धोतर, उपरणं, लुगडं, पागोटं यांना शिवण लागतच नाही. मराठी घरात बाईच्या अंगावर शिवलेली अशी चोळीच काय ती. घरात शिवायचं म्हणजे बाळाची कुंची, दुपटी आणि जुन्या लुगड्यांची गोधडी. तीही धावदोऱ्याने, हातानेच. त्यामुळे सुरुवातीला यंत्रं मुख्यतः शिंप्यांकडे गेली. कचेऱ्या आणि शाळा वाढल्या, सदरे, कोट, पोलकी आणि गणवेश वाढले, तसं यंत्र हळूहळू घराच्या पडवीत आलं. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनियरिंग वर्क्सने 'उषा' हे देशी यंत्र काढलं. स्वातंत्र्यानंतर हे नाव खेड्यापाड्यांतही पोचलं.

पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं. तिथे बायकांना जे शिकवलं जाई त्यात शिवणही होतं. विधवेला, परित्यक्तेला चार पैसे स्वतः मिळवता यावेत हा त्यामागचा विचार. तेच यंत्र, तोच टाका. तिथे त्याला कमाई म्हणत, आमच्या आत्याच्या पडवीत 'घरचंच तर काम आहे' म्हणत.

वेळ कुणाचा वाचला?

यंत्रांबद्दल सावध असणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये एका संवादात शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला. घरातल्या बाईचे हातशिलाईचे कष्ट ते वाचवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं का?

एका कपड्यापुरतं नक्कीच. 1860 च्या दशकात एका अमेरिकन कंपनीने असे आकडे छापले होते, की पुरुषाचा शर्ट हाताने शिवायला चौदा तासांहून जास्त लागतात आणि यंत्राने सुमारे सव्वा तास. विकणाऱ्याचे आकडे आहेत, थोडे कमी धरू. तरी फरक मोठाच उरतो. पण कपडे तेवढेच राहिले नाहीत. अमेरिकेच्या रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या पुस्तकात घरातल्या यंत्रांबद्दल दाखवून दिलं, की यंत्र आलं तशा अपेक्षाही वाढल्या आणि बाईचे तास फारसे कमी झाले नाहीत. आत्याकडे मशीन नसतं तर मुंबईचं गाठोडं तिच्याकडे आलं नसतं.

शिवाय हे काम केवळ टिपा मारण्याचं नव्हतं. ती नवा सदरा 'वाढत्या अंगाचा' बेतायची आणि आत दोन बोटं दाब सोडायची. पुढच्या वर्षी दाब उसवला की आतलं न विटलेलं कापड गडद पट्ट्यासारखं दिसायचं. तो पट्टा काखेखाली नाही तर खोचणीत जाईल, असं ती आधीच ठरवून ठेवायची. सदरा फाटला की त्याची गोधडी, उरल्या चिंध्यांचं मसोतं, शेवटी पोतेरं. मापं, अंदाज, कापडाचा स्वभाव, दोन वर्षांनंतरचा हिशेब, सगळं डोक्यात. आमच्या शाळेत मात्र शिवण हा मुलींचा तास होता आणि विज्ञान वेगळ्या तासाला. या दोन तासांचा काही संबंध आहे असं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

वर्गात करून पाहा

एक हातमशीन वर्गात आणा. वर लाल आणि शटलमध्ये पांढरा दोरा घाला. शटलवरची पट्टी सरकवून चाक हळू फिरवा. सुई तळापासून किंचित वर आली की थांबा. फासा दिसेल. मग वरच्या दोऱ्याचा ताण कमीजास्त करून टीप मारा आणि लाल-पांढरे दोरे कुठे भेटतात ते मुलांना शोधू द्या. शेजारी पोत्याची शिवण ठेवा आणि दोन्ही टाके उसवून पाहा.

दुसरं काम घरी करायचं आहे, मुलग्यांनीही. घरातले कोणते कपडे कुणी लहान केले, मोठे केले, सांधले, त्याला किती तास लागले आणि बाहेरच्या शिंप्याने त्याचे किती घेतले असते, हे विचारून मांडा. यंत्राचा शोध कुणी लावला हे पुस्तकात सापडतं. आपल्या घरात ते कुणी चालवलं, किती चालवलं, हे घरी विचारल्याशिवाय कळणार नाही. आम्ही आत्याला ते वेळेवर विचारलं नाही.