दोन प्रती कधीच सारख्या नसलेला ग्रंथ
(थ्रेड)

१/ एखाद्या ग्रंथाच्या सर्व प्रती सारख्याच असतात, हे आपण गृहीत धरतो. १८३३ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या किनारी गावातून प्रसिद्ध होऊ लागलेला एक ग्रंथ याला अपवाद होता. त्यात चित्रांऐवजी खरीखुरी, वाळवलेली समुद्रशैवाले चिकटवलेली होती.

२/ ग्रंथाचे नाव ‘अल्जी डॅनमोनिएन्सेस’, म्हणजे डेव्हनची शैवाले. शीर्षकपृष्ठावर संग्राहिका म्हणून नाव होते मेरी वायट यांचे. त्या पूर्वी अमेलिया ग्रिफिथ्स यांच्या घरी कामाला होत्या. पुढे त्यांनी टॉर्कीत दुकान चालवले.

३/ अशा संचांना वनस्पतिशास्त्रात ‘एक्सिकाटा’ म्हणतात. शैवाल, दगडफूल, मॉस, बुरशी यांच्या जातींमधील भेद इतके सूक्ष्म, की नुसते चित्र व वर्णन अपुरे पडे. म्हणून एकाच जातीचे अनेक नमुने जमवून, छापील नावासह त्यांचे संच वितरित केले जात. वाळलेला तुकडा पुन्हा भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येई; चित्राबाबत ते शक्य नव्हते.

४/ कृती साधी, पण चिकाटीची. पसरट भांड्यातील पाण्यात शैवाल तरंगत ठेवायचे, खालून कागद सरकवायचा, फांद्या नीट पसरून तो अलगद उचलायचा आणि कापड घालून वजनाखाली दाबायचा. अनेक शैवाले आपल्याच चिकट द्रवाने कागदाला धरून राहतात. हे प्रत्येक प्रतीसाठी, प्रत्येक जातीसाठी नव्याने करावे लागे.

५/ या कामामागे ग्रिफिथ्स यांचे मार्गदर्शन होते. स्वीडिश शास्त्रज्ञ आगार्ड यांनी १८१७ साली एका शैवालप्रजातीला ‘ग्रिफिथ्सिया’ हे नाव दिले, इतका त्यांचा अधिकार मान्य होता. तरीही त्यांनी स्वतःच्या नावे फारसे काही प्रसिद्ध केले नाही.

६/ त्या काळी विद्वत्सभांची दारे स्त्रियांना बंद होती. लंडनच्या लिनियन सोसायटीने स्त्रियांची सदस्य म्हणून प्रथम निवड केली, ती १९०४ साली. त्याच्या सत्तर वर्षे आधी घरकाम केलेल्या एका स्त्रीचे नाव शास्त्रीय ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर छापले गेले.

७/ शैवालांची शास्त्रीय नावे पुढे बदलत राहतात. मात्र वाद उद्भवल्यास मूळ तुकडा पुन्हा तपासता येतो. नामपट्टी बदलते, मेरी वायट यांनी पाण्यातून उचललेले शैवाल त्याच कागदावर राहते.

#थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास