पाऊण मिलिमीटरचं रॉकेट

तर झालं असं, की या दिवाळीत (2025) गावी जाताना मी सोबत एक लढाऊ विमान घेऊन गेलो. मिग-21, वितभर लांबीचं. चपलांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून. मुंबई-गोवा हायवेने ते महाडपर्यंत सुखरूप पोचलं, यातच सगळं आलं :)

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी: प्लास्टिकचं किट मिळतं, 1:72 प्रमाणात. म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तर पट लहान. सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधल्यावर शनिवारी हे फार बरं वाटतं. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं. आपल्या नाशिकजवळ ओझरला ही विमानं शेकड्यांनी बनली होती. तेव्हाच ठरवलं, 1971 चं मिग बनवायचं आणि नानांना दाखवायचं.

नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. आम्ही पोलादपूरचे, ते महाडात बाजारपेठेजवळ. आमच्याकडे फौजी माणसाचं अप्रूप नाही, महाड तालुक्यात तर फौजी आंबवडे नावाचं अख्खं गावच आहे. पण भावकीत विमानवाले नाना एकटेच. 1971 मध्ये ते पूर्वेकडच्या एका तळावर होते, विमानाला शस्त्रं चढवायच्या कामावर.

नानांनी चष्मा लावला, विमान उजेडात धरलं आणि पहिलाच प्रश्न, "हे काय टांगलंस?"

"के-13 मिसाईल, नाना."

"दिसायला बरी आहेत. पण आम्ही चढवली ती रॉकेटं."

झालं! तीन वीकेंड पाण्यात. पण परत येऊन वाचत बसलो तेव्हा पटलं, की नानांचं तर्काला धरून आहे. के-13 हे विमानाने विमानावर मारायचं अस्त्र. पूर्व आघाडीवर पाकिस्तानची सेबर विमानं होती ढाक्याच्या तेजगावला. मिगनी तिथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकून मोठाले खड्डे पाडले आणि युद्धाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच सेबर जमिनीवर बसली. आकाशात शत्रूच नाही, तर मिसाईल मारणार कुणावर?

मग मिगचं काम बदललं. 14 डिसेंबर 1971 ला विंग कमांडर बिश्नोई 28 स्क्वाड्रनची चार मिग घेऊन गुवाहाटीहून ढाक्याला गेले. लक्ष्य होतं गव्हर्नर हाऊस, नकाशा होता पर्यटकांसाठीचा! विमानांखाली 57 मिलिमीटरच्या रॉकेटांचे पॉड, एकेका पॉडमध्ये 16 रॉकेटं. त्याच दिवशी गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी शरणागती झाली.

57 भागिले 72, म्हणजे माझ्या टेबलावर ते रॉकेट पाऊण मिलिमीटर जाडीचं. सुईच्या टोकाने पॉडच्या तोंडाला सोळा भोकं पाडताना पहिल्यांदाच वाटलं, की ही खरी कुणीतरी उचलून, पुसून, एकेक करून भरली असतील. किटच्या कागदावर वैमानिकाचं नाव असतं, भरणाऱ्याचं नसतं.

नानांची दुसरी तक्रार रंगाची. "एवढं गुळगुळीत नव्हतं रे. ब्रशने मारलेला हिरवा." हेही खरं. मिग आली तेव्हा उघड्या धातूची, चकचकीत होती. 1971 च्या सुमारास ती तळांवरच हाताने रंगवली गेली, त्यामुळे स्क्वाड्रनगणिक पट्टे वेगळे. म्हणून आम्हा मॉडेलवाल्यांना फोटो लागतो. फोटो नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार.

"नाना, तुमच्याकडे होता ना एक फोटो?"

होता. 22 जुलै 2021 पर्यंत. त्या पुरात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि नानांची ट्रंक दोन दिवस चिखलात होती. अल्बम उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली. काकू म्हणाल्या, "माणसं वाचली, कागदाचं काय." त्याच पावसात तळियेत आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या होत्या, त्यामुळे यावर कुणी काही बोलण्यासारखं नव्हतंच.

मग मी वही काढली. नाना सांगत गेले, मी चित्र काढत गेलो. हिरवा कुठून कुठपर्यंत, शेपटीवर किती. मध्येच ते थांबायचे, "थांब, डावीकडे की उजवीकडे?" त्यांचं वय आता सत्त्याहत्तर. मी खोडरबर हातात धरून बसायचो.

तीन इंची ब्रशचा फटका 1:72 मध्ये एक मिलिमीटर होतो. तेवढ्याच टोकाचा ब्रश घेऊन मी अख्खं विमान पुन्हा रंगवलंय. फटके दिसतात. स्पर्धेत ठेवलं तर परीक्षक मार्क कापतील, कापू देत.

मार्गशीर्षात पुन्हा महाडला जायचंय. या वेळी विमानासोबत रेकॉर्डरही नेणार आहे. तुमच्या घरात असे कुणी नाना असतील तर तुम्हीही न्या. बॅकअप आपण कशाकशाचा घेतो, ह्याचा घ्यायला विसरतो.