धुरावर चाललेला धंदा

घाटात पिकअप ओढेनाशी झाली आणि मागून काळा धूर सोडू लागली, की गॅरेजात आज पहिला संशय ईजीआरवर, म्हणजे जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर जातो. उपायही ठरलेला असतो: मध्ये पत्री मारून तो कायमचा बंद करायचा. याला मिस्त्रींचा अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. डिझेल गाडीची पारख धुरावरून करायला आपण त्यांना पिढीभर शिकवले आणि कायद्यानेही तेच केले. पत्री ही त्या शिकवणीची उपज आहे.

पुण्यात टाटा ४०७ १९८६ साली आली, टाटामोबाइल १९८८ साली. त्या काळच्या इंजिनात बघायचे ते पंप, नोझल आणि हवा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतेय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतेय. डोळा आणि कान एवढ्यावर उत्तम कारागीर तयार झाले. ईजीआर अमेरिकेतल्या पेट्रोल गाड्यांत १९७० च्या दशकातच आला होता. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत तो रुळला तो प्रदूषणाच्या भारत स्टेज (बीएस) निकषांमागून, आणि तेही तुकड्यातुकड्याने. पुणे शहराला बीएस-३ लागू झाला २००५ मध्ये, उरलेल्या देशाला २०१० मध्ये; बीएस-४ पुण्याला २०१० मध्ये, सर्वत्र २०१७ मध्ये. म्हणजे ताम्हिणी घाटाच्या वरच्या अंगाला पुण्याचा निकष एक आणि घाट उतरून माणगावला दुसरा, अशी बारा वर्षे गेली. दोन्हीकडच्या गाड्या दुरुस्त करणारा मात्र एकच. गंमत अशी की या गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे, ताम्हिणीकडे निघणाऱ्या पौड रस्त्यालगतच्या टेकडीवर.

नव्या व्हॉल्व्हचे काम डोळ्यांना दिसणारे नव्हतेच. थोडा जळका वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला की ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. त्यांना काळा रंग नाही. उलट त्याच वायूतली काजळी ऑइलच्या वाफेत कालवली जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर डांबरासारखी बसते, व्हॉल्व्ह उघडा अडकतो, इंजिनाला हवा कमी पडते आणि धूर वाढतो. फायदा अदृश्य आणि तोटा सगळ्यांदेखत, मग व्हॉल्व्ह बदनाम होणारच. पण इंटरकूलरचा होज फाटला किंवा एअर फिल्टर चोंदला तरी लक्षणे हुबेहूब हीच. म्हणून आधी ते पाहावे. मग व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर इंजिन आयडलवर ठेवून त्याची नळी काढावी. गाडी लगेच सुधारली तर व्हॉल्व्ह नीट मिटतोय. दोष त्याला चुकीच्या वेळी व्हॅक्यूम देणाऱ्या सोलेनॉइडकडे शोधावा. फरक पडला नाही तरच व्हॉल्व्ह खोलावा. बहुतेक वेळा काजळी साफ करून आणि नवे गॅस्केट टाकून भागते.

‘घाटात भरलेली गाडी चढवायची तर ईजीआर नकोच,’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण बीएस-४ पर्यंतच्या गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की धडधाकट व्हॉल्व्ह स्वतःच मिटतो. चढावर ओढ खातो तो अडकलेला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गाडी एक दिवस उभी राहिली तर भाडे बुडते, पत्री मात्र अर्ध्या तासात बसते. हे मान्यच करावे लागते. पण बीएस-६ गाड्यांत पत्रीची ती सवलतही उरलेली नाही, कारण वायूचा प्रवाह थांबल्याचे सेन्सरला कळते आणि चेक लाइट लागतो. जुन्या गाड्यांचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. पत्री मारलेली गाडी धूर कमी सोडते, त्यामुळे पीयूसीत उलट सहज पास होते. त्या केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत.