लहरींचा निस्तार कोणाचा?



चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला निस्तार समजावून सांगावा लागत नाही. जंगल दुसऱ्याच्या नावावर, पण सरपण, चराई गावाची. हवेतल्या रेडिओ लहरींचा प्रश्नही नेमका हाच आहे, आणि आपल्या चळवळीचे तिकडे लक्ष नाही.

इंग्रजांनी १८८५ च्या कायद्याने तारयंत्रणा सरकारच्या मुठीत घेतली. १९३३ च्या कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणेही गुन्हा ठरले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. घरातले वाय-फाय चालते ते त्यामुळे. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमध्ये ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. अट अशी की, परवानाधारकाला त्रास द्यायचा नाही आणि आपल्याला त्रास झाला तर दाद मागायची नाही.

पण या लहरी शहराच्या सोयीच्या. दाट झाडीत त्या लवकर दमतात. भामरागडकडे शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी रेंज शोधत टेकडी चढणारी पोरे मी पाहिली आहेत. झाडीतून त्यांच्यापेक्षा लांब जातात त्या दूरदर्शनच्या, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरी. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ च्या सुमारास हिशेब मांडला: १५ पैकी किमान १२ वाहिन्या देशात कुठेही रिकाम्या. पालघरच्या खेड्यांत प्रायोगिक परवान्यावर इंटरनेट पोहोचवूनही दाखवले. पुढे दूरदर्शनने जुने ॲनालॉग प्रक्षेपक जवळजवळ सगळे बंद केले. तरी हा पट्टा गावांसाठी परवानामुक्त झाला नाही.

व्यत्ययाची भीती खोटी नाही. पोलीस, विमान, रुग्णवाहिका यांच्या संदेशांत अडथळा नकोच (प्रत्येक सावधगिरीत मनुवाद शोधणाऱ्यांतला मी नाही). पण कोणत्या ठिकाणी कोणती वाहिनी रिकामी, हे यंत्राला आधी नोंदवहीत तपासायला लावता येते. मग अडते कुठे?

आठवा, १९२३ चा बोले ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तेही कागदावरच. ओंजळ भरायला १९२७ साली बाबासाहेबांना जावे लागले आणि न्यायालयीन निकालाला १९३७ उजाडले. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबूचा वाहतूक पास हाती यायला २०११ उजाडले.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: आमच्या जंगलावरच्या रिकाम्या वाहिन्या लिलावाआधी गावाच्या वापराला द्या. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी आणि दूरसंचार विभाग, दोघांनाही पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.