लाल अक्षर आणि क्रूस

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’ ही अमेरिकन कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. तिची कथा सतराव्या शतकातील प्युरिटनपंथीय बॉस्टनमध्ये घडते. हेस्टर प्रिन ही विवाहिता पतीच्या दीर्घ अनुपस्थितीत माता होते, पण बाळाच्या पित्याचे नाव सांगत नाही. व्यभिचाराची खूण म्हणून तिने लाल रंगाचे ‘ए’ हे अक्षर जन्मभर छातीवर बाळगावे, अशी शिक्षा तिला होते.

तान्ह्या मुलीला उराशी धरून हेस्टर शिक्षेच्या चौथऱ्यावर उभी राहते. त्या गर्दीत एखादा कॅथलिक असता तर त्याला बाळ येशू व पवित्र मातेच्या चित्राचे स्मरण झाले असते, असे लेखक सुचवतो. एक निष्पाप, दुसरी पापी, हा भेदही तो विसरत नाही. वस्तुतः त्या वसाहतीत कॅथलिकांना स्थान नव्हते. येशूसंघीय धर्मगुरूंना बंदी करणारा कायदा मॅसॅच्युसेट्सने १६४७ साली केला होता.

मुलीचे नाव पर्ल, म्हणजे मोती. मत्तयलिखित शुभवर्तमानातील व्यापारी असाच एक मोती घेण्यासाठी सर्वस्व विकतो. तिचा पिता म्हणजे गावाचाच धर्मोपदेशक डिम्सडेल. तो एकांतात स्वतःला फटके मारून घेतो. मात्र आपले पाप कबूल करण्यास त्याला सात वर्षे लागतात. हेस्टर मात्र आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहते. अखेर लोकांना तेच अक्षर धर्मभगिनीच्या छातीवरील क्रूसासारखे वाटू लागते. लाजेची खूण दयेची खूण होते.

हा विषय हॉथॉर्न यांच्या घरातलाच होता. त्यांचे खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हे १६९२ मधील सेलम येथील चेटूक खटल्यांचे एक न्यायाधीश. त्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली. पूर्वजांच्या त्या क्रौर्याची लाज हॉथॉर्न यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःकडे घेतली आहे.

कादंबरीनंतर वर्षभराने, १८५१ साली, त्यांची धाकटी कन्या रोझ जन्मली. १८९१ मध्ये ती कॅथलिक झाली. कर्करोग संसर्गजन्य आहे, अशी भीती तेव्हा पसरलेली होती. अशा काळात, १८९६ पासून, तिने न्यूयॉर्कमधील गरीब कर्करुग्णांची सेवा सुरू केली. पुढे मदर मेरी अल्फोन्सा या नावाने तिने डॉमिनिकन भगिनींचा संघ स्थापला. १९२६ साली ती निवर्तली आणि २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला ‘व्हेनरेबल’ घोषित केले.

पित्याने कल्पिलेली शुश्रूषा कन्येने प्रत्यक्ष आचरली. समाजाने दूर लोटलेल्या माणसाजवळ जाऊन बसणे, हाच त्या लाल अक्षराचा खरा अर्थ होय.