‘लाइट’ आणि ‘पॉवर’ : घरातील वीजजोडणीच्या एका भेदाचा इतिहास

स्वतःचे घर बांधणारा गृहस्थ वायरमनशी बोलू लागला की थोड्याच वेळात दोन शब्द कानी पडतात : ‘लाइट पॉइंट’ व ‘पॉवर पॉइंट’. वस्तुतः दोन्ही ठिकाणी वीज एकच आणि तिचा दाबही एकच. पॉवर पॉइंटची तार जाड असते एवढे खरे. पण जोडणीची अशी दोन कुळे मुळात पडली कशी, हा इतिहासाचा प्रश्न आहे. घरात सॉकेटे किती व कोठे असावीत हे गृहस्थाच्या गरजेपेक्षा या भेदानेच दीर्घकाळ ठरविले, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

घरगुती वीज आली ती दिव्यांसाठी. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून एडिसनने पुरवठा सुरू केला. त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या तारजोडणीच्या पहिल्या नियमांचा रोखही विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्याकडेच होता. आखणी म्हणजे दिव्यांच्या जागांची यादी. पुढे विजेची इस्त्री आली तेव्हा भिंतीत तिला जागाच नव्हती. ती दिव्याच्या होल्डरला जोडली जाई. १९०४ साली अमेरिकेत हार्वे हबेल यांनी पेटंट घेतलेला प्लगसुद्धा दिव्याच्या होल्डरातूनच वीज घेण्यासाठी होता.

भेद पक्का झाला तो हिशेबामुळे. दिव्यांची मागणी संध्याकाळचे काही तास; उरलेल्या वेळी कंपनीची यंत्रे रिकामी. दिवसाही वीज खपावी म्हणून ब्रिटनमधील अनेक कंपन्यांनी उष्णतेची साधने व यंत्रे यांसाठी कमी दर ठेवला. दर दोन, म्हणून मीटर दोन आणि तारांचे संचही दोन. १९३४ च्या ब्रिटिश मानक ५४६ ने गोल पिनांचे २, ५, १५ व ३० अँपिअरचे आकार निश्चित केले. पंधराच्या प्रत्येक सॉकेटास फ्यूजच्या पाटीपासून स्वतंत्र तार नेण्याची रीत होती. सॉकेट वाढले की तांबे वाढे. परिणामी सॉकेटे मोजकीच बसत.

या व्यवस्थेचा मुळापासून विचार महायुद्धाने करावयास लावला. युद्धोत्तर घरबांधणीच्या तयारीसाठी १९४२ साली नेमलेल्या समितीपुढे दोन अडचणी होत्या : घरे असंख्य हवीत आणि तांब्याची टंचाई. घरातील सर्व उपकरणे एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत, हे तिने आखणीचे सूत्र मानले. एक तार पाटीपासून निघून सर्व सॉकेटांना स्पर्श करीत पुन्हा पाटीवर यावी. प्रवाह दोन्ही बाजूंनी येत असल्याने तीस अँपिअरच्या या वलयास तुलनेने बारीक तार पुरते. उपकरणाच्या दोरीचे रक्षण प्लगमधील फ्यूज करील. समितीतील एकमेव स्त्री सदस्य कॅरोलाइन हॅस्लेट या १९२४ पासून स्त्रियांच्या विद्युत् संघटनेचे काम पाहत होत्या. मुलांच्या सुरक्षेसाठी सॉकेटाच्या छिद्रांना झडप असावी, हा आग्रह समितीच्या अहवालात आला. १९४७ च्या मानक १३६३ मध्ये तेरा अँपिअरचा चौकोनी पिनांचा प्लग अवतरला. वलयास दोषही आहे : ते एके ठिकाणी तुटले तरी उपकरणे चालूच राहतात आणि तारेवरील वाढीव भार कोणाच्या लक्षात येत नाही.

मुंबईचा विद्युत्पुरवठा १९०५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे होता. उपकरणे व प्रघात ब्रिटनचेच. परंतु ब्रिटनने ज्या वर्षी आपली पद्धत बदलली त्याच वर्षी राजकीय नाते संपले, आणि भारतीय मानक १२९३ ने जुन्याच गोल पिना कायम केल्या. ५ चे ६ आणि १५ चे १६ अँपिअर झाले. भेद मात्र राहिला. येथे एक सूक्ष्म फरक ध्यानात घ्यावा. वलयपद्धतीत कोणते उपकरण कोठे लावावयाचे हा निर्णय बराचसा पुढे ढकलता येतो. आपल्या पद्धतीत तो गिलावा होण्यापूर्वीच करावा लागतो. गीझर कोठे, मिक्सर कोठे, हे नकाशावर ठरते, आणि स्वयंपाकघरात आयुष्य काढणाऱ्या व्यक्तीस ते विचारले जातेच असे नाही. राहिलेली उणीव मग एकाच सॉकेटास लोंबणाऱ्या जादा दोऱ्या भरून काढतात. होल्डरला जोडलेल्या इस्त्रीचाच हा वंशज.

दोन्ही आकारांचे प्लग घेणारे ६–१६ अँपिअरचे संयुक्त सॉकेट आज सर्रास मिळते. त्याने भेद मिटल्याचा भास होतो. पण मागची तार ‘लाइट’ची असेल तर तो भास धोक्याचा ठरतो. म्हणून घराच्या आखणीत सॉकेटांच्या संख्येआधी त्यांच्यामागील तारांचा विचार व्हावा. आणि गृहजीवनाच्या अभ्यासकाने वीजजोडणीचा नकाशा हेही एक ऐतिहासिक साधन मानावे. घरात कोणाच्या कामाला किती जागा मिळाली, याची नोंद त्यात असते.